कंपनीला फूल

तिसगाव, ता. पाथर्डी
१० डिसेंबर २०२३

चि. सीमा हीस आत्याचा सप्रेम जयभीम.

परवा तुझा फोन तीनदा आला. तू काय बोललीस ते मला कळलं नाही आणि मी काय उत्तर दिलं ते मलाही आता आठवत नाही. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून डब्यात ठेवलंय. फोनवर तुला ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललं की मायेचं बोलणंसुद्धा भांडण वाटतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. चौथीत असताना तू मला पाटीवर गमभन शिकवलंस. त्याचा उपयोग व्हायला नको का?

दिवाळीच्या सुट्टीत आलीस ती माझा गुडघा, माझे कान आणि आटलेला बोअर या तिघांची उलटतपासणी घेऊन गेलीस. निकालही सांगून गेलीस, की आत्यानं तिसगाव सोडून कोपरगावला यावं. तुझं चुकत नाही. इथे टँकर आठवड्याला येतो, कधी तेवढाही नाही. तुमच्याकडे गोदावरी आहे, कालवा आहे, नळाला रोज पाणी आहे. पण सीमा, माझं एक काम राहिलंय.

आमच्या मालकांनी, तुझ्या मामांनी, बावीस वर्षं श्रीगोंद्याला साखर कारखान्याच्या बागेत माळीकाम केलं. रिटायर होऊन घरी आल्यावर त्यांनी एक नेम धरला. बुद्धपौर्णिमेला विहारात विकतचं फूल न्यायचं नाही. भर वैशाखात, जमीन तव्यासारखी तापलेली असताना, या माणसाच्या अंगणात कधी झेंडू, कधी ॲस्टर. फूल काही मागायला वाहत नाहीत, सगळं सुकणारं आहे हे आठवायला वाहतात, असं ते म्हणायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. दोन पौर्णिमा मी निभावून नेल्या. यंदा बोअरच गेला. माझा झेंडू आताच मान टाकून बसलाय.

तर माझा शब्द लिहून घे. येत्या बुद्धपौर्णिमेला माझ्या अंगणातलं एक जरी फूल विहारात गेलं तर मी इथेच राहीन आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही गेलं, तर मामांचं काम संपलं असं समजेन, घराला कुलूप लावीन आणि तुझ्याकडे येईन. कायमची.

तुझी
भागिरथी आत्या


कोपरगाव
३ जानेवारी २०२४

प्रिय आत्या, सविनय जयभीम.

तुझा शब्द वाचला. खरं सांगू? पहिल्यांदा आनंदच झाला. बोअर आटलेला, झेंडू मेलेला, म्हणजे मे महिन्यात आत्या आपल्या घरी. मागच्या खोलीत तुझा पलंग कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवून टाकलं. सम्राट तिकडे चंद्रपूरला वीज केंद्रात, महिन्यातून एकदा येणार. पूजा पुण्याला शिकायला. घर रिकामंच आहे.

मग रविवारी इथल्या एका रोपवाटिकेत गेले होते, शाळेसाठी शोभेची झाडं आणायला. तिथे कोपऱ्यात एक रोप होतं. खडबडीत राखट पानं, चौकोनी काडी, पान चुरगळलं की तुळशीच्या जवळचा पण जरा उग्र वास. मी विचारलं तर तो माणूस म्हणाला, "मॅडम, हा सेज. निळा सेज. साल्व्हियातला. उन्हाळ्यातच फुलतो. पाण्याचा फार नाद नाही त्याला." मी विचारलं, "फूल खरंच निळं येतं?" तो म्हणाला, "तुमच्या झेंड्यासारखं." त्याला कसं कळलं कोण जाणे, माझ्या पिशवीवर अशोकचक्र होतं म्हणून असेल.

आत्या, मी अर्धा तास तिथे उभी होते. रोप नेलं तर तू राहणार, नाही नेलं तर तू येणार. शेवटी मला मामा दिसले, पौर्णिमेच्या सकाळी ओल्या फडक्यात फुलं गुंडाळून नेणारे. दोन रोपं घेतली. एक माझ्या दारात लावलं. दुसरं आमच्या शाळेतल्या रेश्मा मॅडमबरोबर पाठवते आहे, त्या पाथर्डीच्या. त्या तिसगावला उतरून तुला देतील.

ऊन भरपूर दे. पाणी कमी. जपून राहा.

तुझी
सीमा


तिसगाव
२२ जानेवारी २०२४

चि. सीमा हीस सप्रेम जयभीम.

रोप सुखरूप पोचलं. तुझ्या रेश्मा मॅडम चहा न घेता गेल्या, त्याचा मला राग आहे, त्यांना सांग.

पण तुझ्या रोपानं इथे केवढा गोंधळ घातला ते ऐक. मी ते दारात घेऊन उभी होते. शेजारचा भिमाजी आला. त्यानं विचारलं, "आत्याबाई, ह्ये काय आनलं?" मी म्हटलं, "सेज आलाय. सीमानं पाठवलाय." तो रोपाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि गेला. तासाभरात चार माणसं दारात. भिमाजीनं वस्तीत सांगितलं की भागिरथीच्या जागेत सेझ आलाय. पेपरात येतं ना, कंपन्यांसाठी जमिनी घेतात ते. एक जण म्हणतो, "आमच्या वाड्याची जागा बी घेत्यात का?" दुसरा म्हणतो, "कंपनी कसली हाय?" मला निम्मं ऐकू येईना. मी आपली सगळ्यांना रोप दाखवते आहे आणि म्हणते आहे, "ह्यो बगा की, एवडासाच हाय."

शेवटी उलगडा झाला तेव्हा भिमाजीचं तोंड बघण्यासारखं होतं. पण नाव पडलं ते पडलंच. आता सगळी वस्ती त्या रोपाला कंपनी म्हणते. येता-जाता विचारतात, "कंपनी सुरू झाली का?" मी म्हणते, "पाया भरलाय."

मामांच्या झेंडूच्या वाफ्यात लावलंय, दाराच्या उजव्या हाताला. तिथे मामांनी चांगलं शेणखत भरलेलं आहे. आणि तू काळजी करू नकोस, त्याला काही कमी पडू देणार नाही. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. माझ्या अंघोळीतलं वाचवते. मला कुठे रोज डोक्यावरून पाणी घ्यायचंय? तू कमी पाणी लिहिलंस ते माझी तंगी बघून लिहिलंस, ते कळलं मला. पण तू एवढ्या लांबून पाठवलेलं लेकरू, त्याला मी तहानलेलं ठेवीन का?

तुझी
आत्या


कोपरगाव
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या, सविनय जयभीम.

कंपनीची गोष्ट मी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवली. हसून पोट दुखलं.

पण तांब्याचं वाचून घाबरले. आत्या, रोज दोन वेळा पाणी घालू नकोस. ते झाड तसलं नाही. माझं इथलं बघ, काळी माती, शेजारच्या उसाला पाटाचं पाणी, त्याचा ओलावा कायम. कमरेएवढं वाढलंय, पानं हिरवीगार, आणि कळीचा पत्ता नाही.

जास्त लिहीत नाही. परीक्षांचं काम आहे आणि जरा थकवा आहे. दवाखान्यात जाऊन आले, विशेष काही नाही.

तुझी
सीमा


तिसगाव
३ मार्च २०२४

चि. सीमा हीस सप्रेम जयभीम.

तुझं पत्र एवढंसं. अक्षरही ओळीवरून खाली घसरलेलं. तू रागावली आहेस, मला कळतं. आत्यानं नसती पैज लावली आणि त्या पैजेसाठी रोपसुद्धा तुझ्याकडूनच घेतलं, असं वाटत असेल. वाटणारच. रागव, पण पत्र मोठं लिही.

आता मी लपवलेलं सांगते. कंपनीची तब्येत बरी नाही. तुझं पत्र येण्याआधीच खालची पानं पिवळी पडू लागली होती. मग दुपारी माना टाकायला लागली. मला वाटलं, तहान लागली. एक तांब्या वाढवला. तुझं पत्र आल्यावर एक दिवस थांबले, पण माना टाकलेलं लेकरू समोर बघून राहवेना. भांड्यांचं निवळलेलं पाणी घातलं. टँकर आला त्या दिवशी माझ्या प्यायच्या हंड्यातलं घातलं. जेवढं घालते तेवढं ते मलूल होतं. काल बुंध्याशी बोट लावलं तर काडी मऊ लागली.

रडू आलं मला, सीमा. एका रोपासाठी या वयात रडले. पौर्णिमेसाठी नाही. तू पाठवलेलं माझ्या हातून जातंय म्हणून.

मग तुझीच आठवण झाली. वहिनी गेली आणि दादानं तुला माझ्याकडे आणून सोडलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. चार दिवस तू बोलली नाहीस, जेवली नाहीस. मी दूध घेऊन तुझ्या मागे, शिरा घेऊन तुझ्या मागे. बळेच भरवलेलं तू ओकून टाकलंस. मामा रजेवर आले होते. ते बघत होते. शेवटी म्हणाले, "भागे, तिच्या मागं मागं करू नको. काय बी करू नको. नुसती जवळ बस." मला राग आला होता त्यांचा. पण बसले. माझं ताट घेऊन तुझ्या शेजारी बसले आणि भिंतीकडे बघत जेवायला लागले. थोड्या वेळानं माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा कमी झाला.

हे मी का लिहिते आहे ते मला नीट सांगता येत नाही. त्या रोपवाल्याला विचार, आता काय करू.

तुझी
आत्या


कोपरगाव
१३ मार्च २०२४

प्रिय आत्या,

मी रागावलेली नाही. बिलकूल नाही. असं पुन्हा लिहू नकोस.

काल रिक्षा करून रोपवाटिकेत गेले. त्याला तुझं पत्रच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाईंना सांगा, ते तहानलेलं नाही, बुडतंय. मुळ्या कुजल्या की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरून तहानलेलं दिसतं. आपण अजून पाणी घालतो." सगळेच फसतात म्हणाला, तू एकटी नाहीस.

तर असं कर. उकरून काढ. काळ्या पडलेल्या मुळ्या कापून टाक, वरचा शेंडाही अर्धा कमी कर. मन होणार नाही, तरी काप. शेणखताच्या वाफ्यात परत लावू नकोस. तिथे त्याला जड होतं. तुझ्या परसात तो मुरमाचा उंचवटा आहे ना, ज्याला मामा "या मुरमात गवताचं कुसळ बी येत न्हाई" म्हणायचे, तिथे लाव. एकदाच पाणी घाल, आणि मग विसरून जा. आठ दिवस, दहा दिवस, काही करू नकोस.

माझं मेलं, आत्या. कमरेएवढं वाढलेलं आठ दिवसांत काळं पडलं. आमची माती फार कसदार, ती त्याला मानवली नाही. म्हणजे आता आपल्या दोघींत तुझंच एक आहे. जपू नकोस त्याला.

तुझी
सीमा


चंद्रपूर
५ एप्रिल २०२४

आदरणीय आत्या, सविनय जयभीम.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. फोनवर तुम्हाला हे नीट सांगता आलं नसतं.

सीमाचं पिशवीचं ऑपरेशन १५ तारखेला कोपरगावला ठरलं आहे. गाठी आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं नाही, पण काढावं लागेल. जानेवारीपासून तिला त्रास आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे. "आत्या पौर्णिमेचं फूल सोडून धावत येईल," म्हणाली. मला निवडणुकीमुळे आठ दिवसांच्या वर रजा मिळत नाही. आमच्या पूजाची परीक्षा आहे. नंतर महिनाभर तिला वाकायचं नाही, उचलायचं नाही. कामाला बाई मिळेल, पण तिला कंपनी लागेल. घरचं माणूस.

मी शपथ मोडली. तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आपला
सम्राट


तिसगाव
११ एप्रिल २०२४

चि. सम्राट यास सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. शपथ मोडलीस, बरं केलंस. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते, नगरला गाडी बदलून संध्याकाळी पोचेन. यंदा चौदा एप्रिलला तुमच्याच घरी पंचशील म्हणू.

रोपाला मुरमात लावून महिना होत आला. आहे तसंच आहे. मेलेलंही नाही, जगलेलंही म्हणवत नाही. दोन पानं नवी दिसतात, पण ती माझ्या मनाची असतील. भिमाजीला सांगितलंय, आठवड्यानं एक तांब्या घाल. घालेल तर घालेल.

सीमाला आधी सांगू नकोस. दारात उभी राहते, मग बघू काय म्हणते.

भागिरथी


तिसगाव
२४ मे २०२४

चि. सीमा हीस आत्याचा सप्रेम जयभीम.

काल पौर्णिमा झाली. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू मधूनच वाचशील.

तुझ्या घरून निघाले तेव्हा स्टँडवर तू मला झेंडूची पिशवी दिलीस आणि तोंड फिरवलंस. तुला वाटलं मी बघितलं नाही. कान गेलेत माझे, डोळे नाहीत. विकतचा झेंडू मांडीवर घेऊन मी नगरपर्यंत आले आणि सगळ्या वाटेत माझा हिशेब चालला होता. दोन कोंबड्या भिमाजीच्या सुनेला. पलंग इथेच. मामांचा फोटो आणि खुरपं बरोबर. पाच आठवडे मी तुझ्याकडे राहिले, शब्द दिला होता तो हरले, आणि हरल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. तू अंथरुणावर आणि मी इकडे फुलाची राखण करते आहे, असं कसं चाललं असतं? मामांनीच मला हाकलून दिलं असतं.

करंजी घाट उतरून गाडी तिसगावला आली. बघते तर भिमाजी स्टँडवर हजर. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि खाली मान घालून चालायला लागला. मी म्हटलं, "काय झालं रं?" तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आत्याबाई, माफ करा. पयल्या आठवड्यात टँकरच आला न्हाई. मंग मी भाचीच्या लग्नाला गेल्तो. मंग लाज वाटाय लागली, बगायला बी गेलो न्हाई. एक थेंब घातला न्हाई मी तुमच्या कंपनीला."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे." कुलूप काढलं, घरात पिशवी ठेवली, पाणी प्याले. परसात जायचा धीर होईना. मग म्हटलं, मेलेलं तरी बघून यावं, एवढी माणुसकी हवी.

सीमा, तुला काय सांगू. दुपारचे तीन वाजलेले, मुरूम असा तापलेला की चपलेतून भाजत होतं. आजूबाजूला हिरवं काही नाही. आणि त्या उंचवट्यावर वीतभर ते रोप, पानं बारीक झालेली, काडी लाकडासारखी टणक, आणि त्यावर निळे तुरे. तीन. एक पुरा फुललेला, दोन अर्धे. त्यावर एक मधमाशी. या वैशाखात ती कुठून आली आणि तिला कुणी सांगितलं, ते तिलाच ठाऊक.

मी खाली बसले. गुडघा आहे हे विसरून बसले, मग उठता येईना म्हणून भिमाजीला हाक मारली. तो आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "ह्ये मी काय केलं न्हाई म्हनून आलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय बाबा. तू काय केलं न्हाईस, म्हनूनच." एवढं हसले मी, सीमा, की डोळ्यांतून पाणी आलं. त्याला पाणी घालायचा हात तेवढ्यातही शिवशिवला, पण मागे घेतला.

पौर्णिमेला पहाटे दोन तुरे खुडले. तिसरा राहू दिला. सगळी फुलं तोडायची नाहीत, एक झाडाला ठेवायचं, हा मामांचा नियम. ओल्या फडक्यात गुंडाळून विहारात नेले. तुझा झेंडूही नेला, ताटात सभोवती लावला. बुद्धांच्या पायाशी निळे तुरे ठेवले तेव्हा वस्तीतल्या बायका विचारत होत्या, "कुठलं फूल?" भिमाजीच आधी बोलला. "कंपनीचं हाय," म्हणाला.

मामांची फार आठवण आली. ते असते तर म्हणाले असते, "बघ, मी म्हनत हुतो."

शब्दाप्रमाणे मी इथे राहते आहे. जिंकले, सीमा. पण हे लिहिताना जिंकल्यासारखं वाटत नाही. टाके दुखतात का? वाकू नकोस.

तुझी
आत्या


कोपरगाव
४ जून २०२४

प्रिय आत्या, सविनय जयभीम.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. निळा तुरा तू पाकिटात घातला असतास तर बरं झालं असतं. पण मामांचा नियम मोडला असता.

तू जिंकलीस. शब्दाप्रमाणे मी विषय काढणार नाही. फक्त एक खोटं बोलले होते, ते सांगते, म्हणजे माझ्या मनावरचं उतरेल.

मी तुला तुझ्या गुडघ्यासाठी बोलावत नव्हते. पाण्यासाठीही नाही. दिवाळीत आले तेव्हाच मला त्रास सुरू झाला होता, सम्राटलाही जानेवारीपर्यंत सांगितलं नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. सेहेचाळीस वर्षांची बाई, चौथीच्या पोरांना शिकवणारी, आणि संध्याकाळी घराचं दार उघडायच्या आधी कडी धरून बाहेरच उभी राहायचे. मला आत्या हवी होती. ते सांगायची लाज वाटली म्हणून तुझं वय पुढे केलं. म्हणे आत्याला आता एकटीला जमत नाही. जमत नव्हतं ते मला.

तू इथे होतीस तेव्हा सकाळी मोरीत भांड्यांचा आवाज यायचा. तुला ऐकू येत नाही म्हणून तू भांडी फार आपटतेस, हे तुला माहीत नाही. त्या आवाजानं मला जाग यायची आणि बरं वाटायचं. आता सकाळी शांत असतं.

पण येऊ नकोस. तू तिथलीच आहेस. तिथे मुरमात उभी राहून फुलणारी. इथे आणलं तर माझ्या रोपाचं झालं तसं तुझं होईल, आणि मी तुझ्या मागे मागे करून तुला जीव नकोसा करीन, ते वेगळंच.

एक मागते. तू म्हणतेस ते आता टणक झालंय. त्याची एक फांदी पाठव, कटिंग लागतं म्हणे. आणि कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर पोतंभर मुरूम. आमच्याकडे सगळं आहे, मुरूम तेवढा नाही.

टाके सुकले. वाकत नाही.

तुझी
सीमा


तिसगाव
७ जुलै २०२४

चि. सीमा हीस आत्याचा सप्रेम जयभीम.

उत्तराला महिना लावला, कारण फांदीला मुळ्या फुटतात का ते बघत होते. फुटल्या. चारांतल्या तीन लागल्या. एक विहाराच्या दारात लावली, एक भिमाजीनं मागून नेली, आणि एक तुझी.

मुरूमही चाळून पोत्यात भरून ठेवला. मी भरत होते तेव्हा लोक विचारत होते, "आत्याबाई, मुरूम कुटं निगाला?" मी सांगितलं, कोपरगावला. कोणाचा विश्वास बसेना. कोपरगावच्या काळ्या रानाला आमच्या मुरमाची गरज पडली, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

आता ऐक. पोतं एकटं कसं येणार? एकवीस तारखेला आषाढी पौर्णिमा. त्या दिवसापासून भन्तेजींचा वर्षावास बसतो. तीन महिने पावसाळ्याचे, कुठे फिरायचं नाही, एका जागी राहायचं. मी इतकी वर्षं दर वर्षावासात विहारात वाचन ऐकायला जाते, पण गेली दोन वर्षं मला ऐकूच येत नाही, नुसती पानं उलटताना दिसतात. यंदा माझा वर्षावास तुझ्या घरी. वीस तारखेला येते, अश्विनी पौर्णिमेला परत फिरते. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि माझे पाय चालतील तोवर दरवर्षी. बाकीचे महिने मी इथली. शब्द मोडत नाही, हे मी मामांच्या फोटोसमोर बसून तपासून घेतलंय. कायमची येते असं कुठे म्हटलंय?

पावसाळ्यात इथल्या झाडाला माझी गरज नाही. मी नसलेलीच त्याला बरी. भिमाजीला सांगून ठेवलंय, काही करू नकोस. ते त्याला चांगलं जमतं.

तू लाजलीस म्हणून लिहिलंस, त्याचं मला वाईट वाटलं. सहा वर्षांची होतीस तेव्हाही तू काही मागितलं नव्हतंस, माझ्या ताटातलं गुपचूप उचललं होतंस. आता तरी मागत जा. सम्राटनं लिहिलं होतं, सीमाला कंपनी लागेल. मला वाचून हसू आलं होतं, म्हटलं, आमची तर परसात उभी आहे.

संध्याकाळच्या गाडीला स्टँडवर ये. पोतं उचलायला हात लावू नकोस, हमाल आहेत. खड्डा आधी खणून ठेवू नकोस. पलंग हलवू नकोस, गोडधोड करू नकोस, माझ्या मागे मागे करू नकोस. मीही काही करायला येत नाही. भांडी तेवढी आपटीन.

नुसती जवळ बसायला येते आहे.

तुझी
आत्या